अंगणातच बदला गाडीचा पुढचा एक्सल

वळण घेताना पुढच्या चाकातून कट-कट आवाज येतोय? रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसतंय? मग तुमच्या गाडीचा पुढचा एक्सल, म्हणजे गिअरबॉक्समधून निघून चाकाला फिरवणारा दांडा, बदलायला आलाय. घाबरायचं काहीच कारण नाही. थोडी हत्यारं, एक सोबती आणि एक मोकळा दिवस हाताशी असेल तर हे काम घरी नीट होतं.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर हे काम आज ना उद्या निघतंच. एक्सलच्या दोन्ही टोकांवर रबरी बूट असतात. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की रबर तडकतं, आणि जंगलवाटेवरच्या बांबूच्या एखाद्या खुंटाने ते फाटतं. मग आतलं ग्रीस बाहेर येतं, मुरमाची माती आणि धानाच्या बांध्यांतला चिखल आत जातो, आणि सांधा झिजतो. आलापल्लीहून भामरागडला निघालात आणि मधल्या जंगलात एक्सल तुटला, तर इंजिन चालू राहतं पण गाडी जागची हलत नाही. म्हणून आवाज आला की काम हातात घ्या, आणि पावसाळ्याआधी उरका.

एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: या कामात ताकदीपेक्षा क्रम मोठा. खालच्या पायऱ्या आकड्यांप्रमाणेच करा, एकही मागेपुढे करू नका. चला, बाह्या सरसावा.

आधी खात्री करून घ्या

१. गाडीची पुढची चाकं ओढणारी आहेत ना, ते बघा. आल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेन, टियागो अशा गाड्यांसाठी ही कृती आहे. सावधान: साधी बोलेरो, ओम्नी किंवा ईको असेल तर इथेच थांबा. त्यांची मागची चाकं गाडी ढकलतात, पुढे असा एक्सल नसतोच.

२. गाडी मोकळ्या मैदानात नेऊन स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि सावकाश गोल फिरवा. कट-कट आवाज आला तर चाकाकडचा सांधा गेलाय. डावीकडे वळताना आवाज आला तर बहुधा उजवा एक्सल, आणि उजवीकडे वळताना आला तर डावा. सावधान: आवाज सरळ रस्त्यावरही सतत घूं-घूं येत असेल तर दोष बेअरिंगचा असू शकतो. एक्सल विकत घेण्याआधी ते तपासून घ्या.

३. टॉर्च घेऊन चाकामागचे दोन्ही बूट बघा. नुसतं बूट फाटलंय आणि आवाज काहीच नाही, तर अख्खा एक्सल बदलू नका. बूट आणि ग्रीसचा संच बदलून भागतं.

सामान एकत्र करा

४. सुटे भाग आणा: त्या बाजूचा नवा एक्सल, नवा एक्सल नट, स्प्लिट पिन लागत असेल तर ती, गिअरबॉक्सचं त्या बाजूचं ऑइल सील, ड्रेन प्लगचा नवा वॉशर आणि गिअर ऑइल. ऑइलचा ग्रेड आणि माप गाडीच्या पुस्तिकेत बघा. लहान गाड्यांत साधारण दोन ते अडीच लिटर लागतं. सावधान: डाव्या आणि उजव्या एक्सलची लांबी वेगळी असते. दुकानात चासी नंबर दाखवा, बाजू सांगा आणि गाडीला एबीएस आहे की नाही तेही सांगा. चुकीचा भाग बदलायला पुन्हा चंद्रपूर किंवा नागपूर गाठायची वेळ येऊ देऊ नका.

५. हत्यारं मांडा: जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), एक्सल नटचा मोठा सॉकेट, लांब दांडा आणि त्यावर चढवायला मीटरभर पोकळ पाइप, १२ ते १९ मिलिमीटरचे रिंग पाने, टॉर्क पाना, टॉमी (छोटी पहार), रबरी हातोडा, छोटी छिन्नी, पक्कड, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, बांधायची तार, घमेलं, चिंध्या, चष्मा आणि हातमोजे. सावधान: मोठा सॉकेट बहुतेक गाड्यांत ३० किंवा ३२ मिलिमीटरचा लागतो, पण अंदाजाने आणू नका. नवा नट दुकानातच सॉकेटमध्ये घालून बघा.

६. टॉर्क पाना नसेल तर ओळखीच्या गॅरेजातून दिवसभरासाठी मागून आणा. शेवटच्या आवळणीला त्याला पर्याय नाही.

गाडी उभी करा

७. गाडी पक्क्या, सपाट जागेवर आणा. सारवलेलं अंगण किंवा मुरूम असेल तर जॅक आणि घोड्या यांच्याखाली जाड फळ्या घाला. सावधान: भुसभुशीत जमिनीत जॅक तिरका होतो आणि गाडी घसरते.

८. काम सकाळी सहालाच सुरू करा. उन्हाळ्यात दहानंतर पत्र्याला हात लावता येत नाही.

९. गाडी बरेच दिवस उभी असेल तर खाली टॉर्च मारून बघा. आडोशाला विंचू-साप बसलेला असतो. पाहिल्याशिवाय हात घालू नका.

१०. हँडब्रेक ओढा आणि पहिला गिअर टाका.

११. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. गोल दगड लावू नका, तो निसटतो.

गाडी जमिनीवर असतानाच मोठा नट ढिला करा

१२. चाकाच्या मधली टोपी काढा. आत मोठा नट दिसेल. सावधान: काही रिममध्ये मधल्या भोकातून सॉकेट जात नाही. तुमच्याकडे तसं असेल तर पायरी १३ ते १६ आत्ता सोडा. पायरी २१ला चाक निघालं की सोबत्याला ब्रेक दाबायला लावून याच क्रमाने त्या करा.

१३. नटावर आणि आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि दहा मिनिटं थांबा.

१४. नटाचं कुलूप सोडवा. स्प्लिट पिन असेल तर तिचे पाय सरळ करून पक्कडीने ओढा. पिन नसेल तर नटाची कड दांड्याच्या खाचेत दाबलेली दिसेल, ती छिन्नीने अलगद वर उचला. सावधान: कड न उचलता नट फिरवला तर आटे खातो आणि मध्येच अडकतो.

१५. सोबत्याला गाडीत बसवून ब्रेक घट्ट दाबून धरायला सांगा.

१६. सॉकेट, दांडा आणि पाइप लावून नट घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा ढिला करा. सावधान: पाइपवर उडी मारू नका. पाय घसरला तर ढोपर फुटतं. एका लयीत, अंगाचा भार देत दाबा. नट सुटला की ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो.

१७. चाकाचे नट पाव-पाव फेरा ढिले करा. पूर्ण काढू नका.

गाडी उचला

१८. पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक लावून गाडीची पुढची बाजू उचला. सावधान: जॅक ऑइलच्या टाकीला किंवा पातळ पत्र्याला लावू नका.

१९. दोन्ही बाजूंना घोड्या लावून गाडी त्यांच्यावर टेकवा. सावधान: विटा रचून टेकू देऊ नका. वीट न सांगता फुटते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली तर हातसुद्धा घालायचा नाही.

२०. गाडीला खांद्याने हलवून बघा. घोडी जराही डुलली तर गाडी उतरवा आणि पुन्हा लावा.

२१. चाक काढून गाडीच्या कडेखाली आडवं सरकवा. घोडी निसटलीच तर गाडी चाकावर अडेल.

२२. गिअर न्यूट्रलला आणा. पुढे एक्सल हाताने फिरवावा लागणार आहे. हँडब्रेक मात्र तसाच राहू द्या.

गिअर ऑइल काढा

२३. गिअरबॉक्सच्या बाजूचा भरण्याचा प्लग आधी उघडा. सावधान: हाच प्लग गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालून ऑइल आधी सोडून बसलात, तर गाडी दारातच अडकेल. म्हणून भरण्याचा प्लग नेहमी आधी.

२४. खाली घमेलं ठेवून ड्रेन प्लग उघडा. सावधान: शेजारीच इंजिन ऑइलचाही प्लग असतो. बघा, एक्सल ज्या डब्यात शिरतो तो गिअरबॉक्स. पातळ काळं ऑइल आलं तर चुकीचा प्लग उघडलात, लगेच बंद करा. गिअर ऑइल जरा जाड असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो.

२५. ड्रेन प्लगच्या टोकाला चुंबक असेल तर ते चिंधीने पुसा. राखाडी मऊ लगदा असेल तर चिंता नाही. दात तुटल्यासारखे कण दिसले तर गिअरबॉक्स मेकॅनिकला दाखवा.

२६. ऑइल निथळलं की नवा वॉशर घालून ड्रेन प्लग आवळा. आत्ताच आवळा. संध्याकाळी ऑइल भरताना हा प्लग राहून जातो आणि सगळं ऑइल अंगणात सांडतं.

खालचा सांधा सोडवा

२७. स्टिअरिंग काम करायच्या बाजूकडे वळवा. हाताला जागा मिळते.

२८. शॉकअपवर ब्रेकच्या नळीची आणि एबीएसच्या वायरची क्लिप असेल तर ती मोकळी करा. सावधान: वायर ओढू नका, क्लिपच काढा. एबीएसची वायर तुटली तर डॅशबोर्डवर दिवा लागून राहील.

२९. खालच्या आर्मचा बॉल जॉइंट जिथे हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, लोखंडी धारकात शिरतो, त्या धारकाला मेकॅनिक नकल म्हणतात. तिथला आडवा बोल्ट शोधा आणि त्याला स्प्रे मारा.

३०. त्या बोल्टचा नट काढा.

३१. बोल्ट मागून हलक्या ठोक्याने बाहेर काढा. सावधान: हा बोल्ट बॉल जॉइंटच्या दांड्यावरच्या खाचेत अडकलेला असतो. तो पूर्ण निघाल्याशिवाय सांधा सुटणार नाही, उगाच खाली दाबत बसू नका. तुमच्या गाडीत आडव्या बोल्टऐवजी खालून मोठा नट असेल तर बॉल जॉइंट पुलर लागेल. नुसत्या हातोड्याने तो काढू नका.

३२. टॉमी आर्मवर टेकवून आर्म खाली दाबा. बॉल जॉइंट नकलमधून सुटेल. सावधान: टॉमी बॉल जॉइंटच्या रबरावर टेकवू नका, नाहीतर एक्सलसोबत तोही बदलावा लागेल.

जुना एक्सल काढा

३३. एक्सल नट काढून पुन्हा दोन-तीन आटे चढवा, म्हणजे त्याचं तोंड दांड्याच्या टोकाबरोबर येईल.

३४. नटावर लाकडी ठोकळा धरून रबरी हातोड्याने दोन-चार ठोके मारा. एक्सल हबमध्ये मागे सरकेल. सावधान: थेट लोखंडी हातोडा मारू नका. टोक फुललं तर दांडा हबमधून निघणारच नाही.

३५. नट पूर्ण काढा.

३६. नकल बाहेरच्या बाजूला ओढून एक्सलचं टोक हबमधून सोडवा. सावधान: ब्रेकच्या नळीवर नजर ठेवा. ती ताणली जात असेल तर थांबा आणि तिची आणखी एखादी क्लिप मोकळी करा.

३७. नकल तारेने शॉकअपच्या दिशेला बांधा, म्हणजे तिचा भार नळीवर येणार नाही.

३८. गिअरबॉक्सकडच्या टोकाखाली घमेलं सरकवा. निथळलेलं असलं तरी पेलाभर ऑइल येतंच.

३९. गिअरबॉक्स आणि एक्सलच्या आतल्या सांध्याचं कवच यांच्या मध्ये टॉमी घाला आणि एक झटका द्या. सांधा ‘खट्’ करून सुटेल. सावधान: एक्सल मधल्या दांड्याला धरून कधीही ओढू नका. आतला सांधा निखळेल आणि गिअरबॉक्समधला तुकडा तसाच राहील. टॉमी ऑइल सीलवरही टेकवू नका. दांड्याच्या मध्ये गाडीला बोल्टने जोडलेलं बेअरिंग असेल तर ते बोल्ट आधी काढा.

४०. दोन्ही हातांनी पेलून एक्सल सरळ रेषेत बाहेर काढा. बांधलेल्या हबला आता फिरवू किंवा ठोकू नका.

४१. दुसऱ्या बाजूचा एक्सलही बदलायचा असला तरी आत्ता त्याला हात लावू नका. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही एक्सल एकाच वेळी निघाले तर आतले गिअर जागचे सरकतात. एक बाजू पूर्ण करा, मग दुसरी.

नवा-जुना शेजारी ठेवून मोजा

४२. पोत्यावर दोन्ही एक्सल शेजारी-शेजारी ठेवा. आतले सांधे सारखेच दाबून लांबी जुळवा.

४३. दोन्ही टोकांचे दाते मोजा. जुन्यावर जेवढे, नव्यावर तेवढेच हवेत. सावधान: एकाचाही फरक असेल तर बसवायचा प्रयत्न करू नका. भाग परत करा.

४४. एबीएसची दातेरी कडी जुन्यावर असेल तर नव्यावरही आहे का आणि तिचे दाते तेवढेच आहेत का, ते बघा. सावधान: कडी नसलेला एक्सल बसतो, पण ब्रेकची यंत्रणा त्या चाकाचा वेग वाचू शकत नाही.

४५. नव्या एक्सलच्या आतल्या टोकावर कडीची क्लिप आहे का, ते बघा. जुनी क्लिप वापरू नका.

ऑइल सील बदला

४६. जुनं सील किती आत बसलंय, ते निरखून ठेवा. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला तर उत्तम.

४७. सपाट स्क्रू-ड्रायव्हरने सील अलगद उपटा. सावधान: भोकाच्या भिंतीवर ओरखडा पडू देऊ नका. तिथूनच पुढे गळती होते.

४८. जागा चिंधीने स्वच्छ पुसा. धागा चिकटला असेल तर काढा.

४९. नव्या सीलच्या ओठाला गिअर ऑइलचं बोट लावा.

५०. सील सरळ धरून रुंद सॉकेटने हलके-हलके चारही बाजूंनी ठोका. ओठाची स्प्रिंग आतल्या बाजूला असली पाहिजे. फोटोतल्या खोलीइतकंच आत न्या. सावधान: एका कडेवर जोरात ठोकलं तर सील तिरकं बसतं, आणि तिरकं सील गळतंच.

नवा एक्सल बसवा

५१. आतल्या टोकाच्या क्लिपवर ग्रीसचा थेंब लावा, म्हणजे ती मध्यभागी चिकटून राहील.

५२. एक्सल सरळ धरून गिअरबॉक्समध्ये घाला. दाते बसले नाहीत तर दांडा थोडा फिरवा आणि पुन्हा ढकला. सावधान: दाते सीलच्या ओठावर घासू देऊ नका. या पायरीला सोबत्याचे दोन हात लागतील.

५३. आतल्या सांध्याचं कवच धरून एकदाच जोराने ढकला. पुन्हा ‘खट्’ ऐकू आलं पाहिजे. तो आवाज ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

५४. कवचाला धरून हलकं बाहेर ओढून बघा. निघत नसेल तर क्लिप बसली. निघाला तर ५२पासून पुन्हा करा. दांड्याला धरून ओढू नका.

५५. हबच्या आतले दाते वायर ब्रशने साफ करा आणि ग्रीसचा पातळ हात फिरवा. जास्त ग्रीस नको.

५६. तार सोडून नकल बाहेरच्या बाजूला धरा आणि एक्सलचं टोक हबमध्ये सरकवा. अडलं तर दांडा किंचित फिरवा. हातोडा मारू नका.

५७. नवा एक्सल नट हाताने काही आटे चढवा. दांडा आता निसटणार नाही.

५८. आर्म टॉमीने खाली दाबा आणि बॉल जॉइंटचं टोक नकलच्या भोकात बसवा.

५९. आडवा बोल्ट घाला. सावधान: बोल्ट जात नसेल तर बॉल जॉइंटची खाच भोकासमोर आलेली नाही. आर्म जॅकने किंचित वर उचला. बोल्ट बोटांनी सरकला पाहिजे, ठोकून घालायचा नाही.

६०. बोल्टचा नट पुस्तिकेतल्या टॉर्कवर आवळा.

६१. ब्रेकच्या नळीच्या आणि एबीएसच्या क्लिप पुन्हा लावा. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून नळी कुठे घासत नाही ना, ते बघा.

६२. एक्सल नट सोबत्याने ब्रेक दाबलेला असताना बेताने आवळा. पूर्ण जोर आत्ता नको. गाडी घोडीवर आहे. रिममधून सॉकेट जात नसेल तर मात्र पायरी ६७ आणि ६८ इथेच करा.

ऑइल भरा आणि गाडी उतरवा

६३. लांब नळी आणि नरसाळं लावून भरण्याच्या प्लगमधून पुस्तिकेतल्या मापाइतकं गिअर ऑइल भरा. सावधान: टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी प्रकारची ऑटोमॅटिक गाडी असेल तर तिचं ऑइल आणि पातळीची रीत वेगळी असते. साधं गिअर ऑइल तिच्यात चुकूनही घालू नका.

६४. भरण्याचा प्लग हाताने लावून ठेवा.

६५. चाक बसवा आणि त्याचे नट हाताने चढवा. एक नट झाला की समोरचा, अशा क्रमाने जा.

६६. घोड्या काढून गाडी सावकाश जमिनीवर उतरवा. सावधान: आता गाडी पुढेमागे अजिबात ढकलू नका. एक्सल नट पूर्ण आवळल्याशिवाय चाक फिरलं तर हबचं बेअरिंग खराब होतं.

६७. सोबत्याला ब्रेक दाबायला लावा आणि टॉर्क पान्याने एक्सल नट पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळा. लहान गाड्यांत हा आकडा साधारण १७५ ते २५० न्यूटन-मीटर असतो. जोराचा अंदाज हवा असेल तर असा: मीटरभर लांब आडव्या दांड्याच्या टोकाला २० किलो तांदळाची पिशवी टांगली तर जवळपास २०० न्यूटन-मीटर होतात. रिममधून सॉकेट जात नसेल तर हीच आवळणी आणि पुढच्या पायरीचं कुलूप चाक बसवण्याआधी, पायरी ६२लाच, गाडी घोडीवर घट्ट बसली आहे हे पुन्हा तपासून करा.

६८. नटाचं कुलूप लावा. स्प्लिट पिन असेल तर नवी घाला आणि पाय दुमडा. पिन नसेल तर नटाची कड खाचेत ठोकून दाबा. सावधान: पिनेचं भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळा. जुळवण्यासाठी मागे फिरवू नका.

६९. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळा. बहुतेक लहान गाड्यांत ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा पुस्तिकेत आहे.

७०. मधली टोपी लावा.

७१. गाडी चारही चाकांवर सपाट उभी असताना भरण्याचा प्लग पुन्हा उघडा आणि करंगळी घालून बघा. ऑइल भोकाच्या कडेला लागलं पाहिजे. कमी असेल तर भरा, जास्त असेल तर निथळू द्या. काही गाड्यांत पातळी वेगळ्या ठिकाणी बघतात, म्हणून पुस्तिका उघडीच ठेवा.

७२. भरण्याचा प्लग पक्का आवळा आणि भोवती सांडलेलं ऑइल पुसून टाका.

चालवून बघा

७३. मागच्या चाकांचे ठोकळे काढा.

७४. इंजिन सुरू करून ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबा. पेडल घट्ट लागलं तरच गाडी हलवा.

७५. पहिल्या गिअरमध्ये अंगणातच दहा-वीस पावलं गाडी चालवा. ठक्-ठक् आवाज आला तर लगेच थांबा आणि एक्सल नट बघा.

७६. मैदानात जाऊन स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून सावकाश गोल फिरवा. काचा खाली ठेवा आणि कान द्या. कट-कट गेली? शाबास, तुमचा एक्सल बसला.

७७. सपाट रस्त्यावर पाच-सात किलोमीटर साध्या वेगाने जाऊन या. सावधान: पहिल्याच दिवशी सिरोंच्याच्या लांब पल्ल्यावर निघू नका.

७८. परत आलात की गिअरबॉक्सखाली कोरा पुठ्ठा ठेवा आणि सकाळी बघा. पुठ्ठा कोरा असेल तर सील नीट बसलंय. डाग असेल तर पायरी ४६पासून सील पुन्हा बघा.

७९. शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.

८०. जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजात द्या. नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. तेच पाणी पुढे धानात आणि बोडीत जातं.

वरच्या पद्धतीत आपण स्टिअरिंगच्या दांड्याला आणि शॉकअपच्या बोल्टला हात लावलेला नाही, म्हणून अलाइनमेंटची गरज पडत नाही. तुम्ही त्यातलं काही सोडलं असेल तर मात्र अलाइनमेंट करून घ्या.

दुसरी बाजू करायची असेल तर पायरी ४पासून तोच क्रम धरा. दुसऱ्या वेळी हात बसलेला असतो आणि निम्म्या वेळात काम होतं. आणि आता एक सवय लावून घ्या: मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, पुढची चाकं पूर्ण वळवून चारही बूट टॉर्चने बघा. बोटाने घड्या उलगडून तडे शोधा. बारीक तडा वेळीच दिसला तर काम थोडक्या खर्चाच्या बुटावर भागतं, आणि भामरागडच्या वाटेवर तुमची गाडी बिनधास्त चालते.